शून्य फॅट लागलेलं दूध

पावसाळ्यात एकदा सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर पहाटे जाऊन उभी राहिले होते. आम्ही डेअऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. ते काउंटरवरच्या माणसाच्या हाताखाली कसं चालतं हे मधूनमधून बघून यावं लागतं. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली. दारात किटल्यांची रांग, फरशीवर सांडलेल्या दुधाचा आणि ओल्या गोणपाटाचा मिसळलेला वास, वजनकाट्याच्या लाल आकड्यांचा भिंतीवर पडलेला उजेड. दूध काट्यावरच्या भांड्यात ओतायचं, त्यातलं थोडं बाटलीत नमुना म्हणून घ्यायचं, ती बाटली यंत्राच्या नळीखाली धरायची. यंत्र गुरगुरतं, फॅटचे आणि एसएनएफचे, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागाचे, आकडे दाखवतं, आणि शेजारच्या छोट्या प्रिंटरमधून पावती बाहेर येते. त्या दिवशी रात्रभर लाइटची ये-जा चालली होती आणि सकाळी यंत्राने मान टाकली होती. पण धारा काढून झालेल्या, दूध दारात आलेलं. ते परत कसं पाठवणार? काउंटरवरचा पोरगा नुसतं वजन करून घेत होता आणि पावत्या फाडून देत होता.

एक मावशी पावती हातात घेऊन तिथेच थांबल्या. मागच्या माणसाला त्यांनी वाट दिली, पण त्या हलल्या नाहीत. लिटर ४.२, फॅट ०.०, एसएनएफ ०.०, दर ०.००, रक्कम ०.००.

“शून्य फॅट?” त्या म्हणाल्या. “म्हशीचं दूध हाय माझं.”

“मावशी, यंत्र बंद हाय. पगाराच्या आधी नीट करतो की.”

“करशील रं नीट. पण कागदावर तर पाणी घातल्यासारखंच आलंय न्हवं?”

मग माझ्याकडे बघून विचारलं, “ताई, ह्ये कम्पुटर तुमचंच का?” मी हो म्हटलं. त्यांनी पावतीची घडी घातली, कनवटीला लावली आणि रिकामी किटली उचलून गेल्या. आवाज चढवला नाही, भांडण केलं नाही. मला मात्र तो प्रश्न पुण्याला परतेपर्यंत आणि नंतरही सोडेना.

ऑफिसात आल्यावर ती ओळ सापडायला वेळ लागला नाही. हा सगळा कोड आमच्याकडे आला तो दुसऱ्या एका टीमकडून, आणि त्यात दूधनोंदीचा जो क्लास, म्हणजे नोंदीचा साचा, आहे त्यात फॅटचा टाइप, म्हणजे त्या जागी कुठल्या प्रकारची माहिती बसेल ते, खरं तर नीट निवडलेला होता. सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत साधा डेसिमल, म्हणजे दशांश आकडा, कधी रिकामा राहूच शकत नाही. त्यात काही घातलं नाही तर तो आपोआप शून्य होतो. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह लावलं की तो नल, म्हणजे रिकामा, असू शकतो. ही सोय भाषेत २००५ पासून आहे, आणि कुणीतरी ती इथे वापरली होती. यंत्राकडून आकडा आला नाही तर फॅट नल. इथपर्यंत सगळं बरोबर. पुढे दर काढायच्या मेथडला, म्हणजे कोडमधल्या ते काम करणाऱ्या तुकड्याला, मात्र साधा डेसिमल हवा होता. नल असू शकणारी व्हॅल्यू तिथे सरळ काढून घेतल्यावर कंपायलरने, म्हणजे लिहिलेला कोड तपासून त्याचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने, त्या शब्दाखाली हिरवी नागमोडी रेघ ओढली असणार: ही व्हॅल्यू नल असू शकते. त्यावर कुणीतरी दोन प्रश्नचिन्हं आणि एक शून्य लिहिलं. असेल तर ती घे, नसेल तर शून्य धर. रेघ गेली. त्या बदलाबरोबरची नोंदही जपून ठेवलेली होती: वॉर्निंग्ज काढल्या.

ज्याने ते लिहिलं त्याचा मला राग आला नाही. त्याच्यापुढे वॉर्निंग्जची लांबलचक यादी असेल, आठवडाअखेरीपर्यंत ती संपवायला कुणीतरी सांगितलं असेल. त्याने संकलन केंद्र पाहिलंही नसेल. त्याच्या दृष्टीने तो एक आकडा होता आणि आकडा नसेल तिथे शून्य लिहायचं हे शाळेपासून हाताला बसलेलं असतं. पण दुधाच्या धंद्यात शून्य फॅट याला अगदी ठाम अर्थ आहे. मलई काढून घेतलेल्या सेपरेट दुधातसुद्धा थोडी फॅट उरते. शून्य लागते ती पाण्यालाच. म्हणजे ‘आम्हाला मोजता आलं नाही’ असं जिथे म्हणायचं होतं तिथे आमच्या प्रोग्रॅमने ‘तुम्ही पाणी आणलंत’ असं म्हटलं. तेही छापून, तारीख-वेळेसकट.

आणि हे पावतीपुरतं थांबत नाही. दहा दिवसांचा पगार, म्हणजे दूध घालणाऱ्यांचे पैसे, काढताना सरासरी फॅट धरली जाते. एका वेळी ६.८ लागली, दुसऱ्या वेळी ७.०, तिसऱ्या वेळी यंत्र बंद. तिसरी नोंद बाजूला ठेवली तर सरासरी ६.९ येते. तिला शून्य मानलं तर ४.६. म्हशीच्या दुधाचा दर सहा फॅटपासून वर मोजायचा असतो; ४.६ वर काय दर बसेल ते कुणाही दूध घालणाऱ्याला विचारा. शिवाय आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये कमी फॅट लागणाऱ्या उत्पादकांची एक यादी निघते, सुपरवायझर ती बघून कुणाच्या दुधावर लक्ष ठेवायचं ते ठरवतो. त्या महिन्याच्या यादीत मी मुद्दाम शोधलं. मावशींचं नाव वरून तिसरं होतं.

माझ्या मामाच्या गावात डेअरी होती ती सगळी कागदावर चालायची. सुट्टीत गेलं की संध्याकाळी मामाबरोबर दूध घालायला जायचं हा ठरलेला कार्यक्रम. तेव्हा फॅट काढायची म्हणजे गर्बर पद्धतीने: काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या नळीत, आधी दहा मिलिलिटर गंधकाम्ल, मग पावणेअकरा मिलिलिटर दूध, मग एक मिलिलिटर अमाइल अल्कोहोल, रबरी बूच लावून हलवायचं, की काच हाताला चटका बसेल इतकी तापायची. मग त्या नळ्या गोल यंत्रात बसवून हाताने हँडल फिरवायचं. बाहेर काढल्यावर वर पिवळसर पारदर्शक थर दिसायचा, तो किती रेघांचा भरतो ती फॅट. आम्हा पोरांना त्या खोलीत यायला बंदी होती, म्हणून आम्ही दाराच्या फटीतून बघायचो. अमाइल अल्कोहोलचा तो डोक्यात जाणारा गोडसर वास मला अजून ओळखता येईल.

तिथल्या सेक्रेटरींची एक पद्धत मला लख्ख आठवते. प्रत्येकाचं एक जाड कार्ड असायचं: तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, डिग्री, दर, रक्कम. आम्ल संपलं असेल, नळी फुटली असेल, काहीही कारणाने चाचणी झाली नसेल, तर फॅटच्या रकान्यात ते आडवी रेघ ओढायचे आणि पलीकडे बारीक अक्षरात कारण लिहायचे. ‘आम्ल नाही.’ ‘नळी फु.’ दूध नासलं म्हणून परत केलं असेल तर रेघ नाही, सगळ्या ओळीवर तिरकी फुली. आणि एखाद्याने त्या वेळी दूध घातलंच नसेल तर ओळ कोरी. पगाराच्या दिवशी रेघ असलेल्या वेळांना आधीच्या वेळांची सरासरी लावायची, फुलीला पैसे नाहीत, कोऱ्या ओळीचा प्रश्नच नाही. सातवी-आठवी शिकलेला माणूस. त्यांनी तीन प्रकारची रिकामी जागा तीन खुणांनी वेगळी ठेवली होती, आणि ज्याचं कार्ड त्याला ती वाचता यायची. मामा कार्ड उजेडात धरून बघायचा आणि म्हणायचा, “आज रेघ हाय.” बस. कुणाला अपमान वाटायचा नाही.

आमच्या प्रोग्रॅममध्ये त्या तिन्ही गोष्टी नल होत्या, आणि मग तिन्ही शून्य झाल्या.

नल ही कल्पना कुठून आली हे बहुतेक प्रोग्रॅमरांना माहीत असतं, तरी मला ती गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. १९६५ साली संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी संदर्भांची टाइप व्यवस्था आखत होते. एका वस्तूने दुसरीकडे बोट दाखवायचं, तर ते बोट कायम खऱ्या वस्तूकडेच असेल याची खात्री कंपायलरने स्वतः द्यावी, असा त्यांचा मूळ हेतू होता. त्यात त्यांनी नल घातला, कारण तो घालणं फार सोपं होतं आणि मोह आवरला नाही. हे त्यांनीच २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत सांगितलं आणि त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. क्विकसॉर्ट ही क्रम लावायची पद्धत शोधणारा, संगणकशास्त्रातला १९८० चा ट्युरिंग पुरस्कार मिळवलेला माणूस एवढ्या वर्षांनी उभा राहून हे म्हणतो याबद्दल मला फार आदर आहे. पण ते भाषण लोक सांगतात तेव्हा एक भाग हमखास गळतो. कंपायलरने खात्री द्यावी हा विचार आधी होता. नल नंतर आला. आज ज्या वॉर्निंग्जना आपण कटकट म्हणतो त्या नव्या नाहीत. १९६५ मध्ये जे करायचं राहून गेलं तेच उशिरा पुरं होतंय.

मी नोकरीला लागले ती जावा या प्रोग्रॅमिंग भाषेवर. रात्री फोन यायचा, लॉगमध्ये नलपॉइंटरएक्सेप्शन, म्हणजे रिकाम्या जागेवर आदळून प्रोग्रॅम थांबल्याचा संदेश, आणि खाली फक्त ओळीचा क्रमांक. त्या ओळीत एकापुढे एक चार मेथड्स जोडलेल्या: ऑर्डरचा ग्राहक, ग्राहकाचा पत्ता, पत्त्याचं शहर, शहराचा पिनकोड. यातलं रिकामं कोण होतं, ग्राहक, पत्ता की शहर? ते यंत्राला माहीत असायचं, पण ते सांगायचं नाही. जावा १४ मध्ये, म्हणजे २०२० साली, नेमकं कोण नल होतं ते त्या संदेशात सांगायची सोय आली. त्याआधी पंचवीस वर्षं जगभरातल्या लोकांनी रात्रीच्या रात्री हे अंदाजाने शोधलं. तरीही मला आता वाटतं की ते बरं होतं. प्रोग्रॅम कोसळायचा, सगळ्यांना कळायचं, चुकीचा आकडा पुढे जायचा नाही. ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत निलला, म्हणजे तिथल्या नलला, एखादा संदेश पाठवला तर काहीच होत नाही, उत्तरादाखल शून्य किंवा निलच परत मिळतं आणि प्रोग्रॅम पुढे चालत राहतो. आयफोनवर सुरुवातीची वर्षं लोकांनी याच भाषेत लिहिलं, आणि अनेकांना ही शांतता सोयीची वाटायची. २०१४ मध्ये स्विफ्ट ही नवी भाषा आली तेव्हा ॲपलने ती सोय काढूनच घेतली. रिकामं असू शकणारं आणि नसणारं यांचे टाइपच वेगळे केले. कोट्लिन या भाषेनेही तेच केलं. ज्यांना नव्याने सुरुवात करता येते त्यांना हे जमतं.

सी शार्पला जमणार नव्हतं, कारण जगात आधीच लिहिलेला प्रचंड कोड होता. म्हणून २०१९ मध्ये आठव्या आवृत्तीत त्यांनी मधला रस्ता काढला. आकड्यांना जे २००५ पासून होतं ते आता वस्तूंच्या संदर्भांनाही: स्ट्रिंगपुढे प्रश्नचिन्ह असेल तर ती नल असू शकते, नसेल तर असू नये. पण हा नियम मोडला तर एरर नाही, वॉर्निंग. शिवाय जुन्या प्रोजेक्टमध्ये हे आपण चालू करायचं, आपोआप नाही. तिथे ते पहिल्यांदा चालू केलं की वॉर्निंग्ज हजारांनी येतात, आणि माणूस घाबरून पुन्हा बंद करतो. मी ते दृश्य वेगवेगळ्या टीम्समध्ये पाहिलंय. पण घाबरायच्या आधी पाच मिनिटं शांत बसून त्या वाचाव्यात, असं मी नव्या मुलांना सांगते. कंपायलर तिथे आंधळेपणाने ओरडत नाही. तो आपल्यामागे ओळीओळीने चालतो. वर एका ठिकाणी ‘हे नल असेल तर इथूनच परत फिर’ असं लिहिलेलं असेल, तर त्याच्या खाली तो गप्प असतो, कारण आता नल असणं शक्यच नाही हे त्याला कळलेलं असतं. दोन फांद्यांपैकी एकीत तपासलं आणि दुसरीत विसरलं तर नेमकी ती दुसरी फांदी तो दाखवतो. कन्स्ट्रक्टर, म्हणजे वस्तू तयार करणारा भाग, संपला आणि एखादं फील्ड (तिचा एखादा रकाना) भरायचं राहिलं तर तिथे बोट ठेवतो. वाचायची सवय झाली की लक्षात येतं, प्रत्येक रेघेमागे एक साधा प्रश्न आहे. हे नसेल तेव्हा काय करायचं?

याचं उत्तर न देता त्याला गप्प करायचे मार्गही भाषेत आहेत. एक म्हणजे नावापुढे उद्गारचिन्ह: हे नल नाही, माझ्यावर विश्वास ठेव. कधी कधी ते रास्त असतं. आपल्याला खरंच जास्त माहीत असतं, टेस्ट लिहिताना तर सर्रास. पण उद्गारचिन्हामुळे धावत्या प्रोग्रॅममध्ये काहीही बदलत नाही. व्हॅल्यू नल असेल तर ती नलच राहते आणि पुढे तशीच आदळते. दुसरा मार्ग म्हणजे काहीतरी भरून टाकणं: रिकामी स्ट्रिंग, शून्य, १९०० सालची एक जानेवारी. माझं मत विचाराल तर दुसरा मार्ग पहिल्याहून किती तरी वाईट. उद्गारचिन्ह निदान शोधता येतं, पुढच्या माणसाला तिथे कुणीतरी हट्ट केला होता हे दिसतं. भरलेलं शून्य एकदा डेटाबेसमध्ये गेलं की ते खऱ्या मोजमापांमध्ये मिसळून जातं. आमच्याकडे तसंच झालं होतं. जुन्या नोंदींमधलं कुठलं शून्य यंत्र बंद असल्याचं आणि कुठलं खरोखरच्या पाण्याचं, हे आता कुणीही सांगू शकत नाही. त्यात खरोखरच पाणी घालणारेही होते, आणि ते या गोंधळात सुटले, हेही मला खुपतं.

डेटाबेसवाल्यांना हा प्रश्न आधीच भेटला होता. १९७० मध्ये आयबीएममधून रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत ठेवायची पद्धत, मांडणारे एडगर कॉड, होअर यांच्या पाठोपाठ १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार ज्यांना मिळाला ते, पुढे अनेक वर्षं या रिकाम्या जागेवर विचार करत राहिले. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेत नल आला तो त्यांच्याच विचारातून, आणि त्याच्यासोबत खरं-खोटं याच्या जोडीला ‘माहीत नाही’ हे तिसरं उत्तर. म्हणून तिथे नल हा नलच्याही बरोबरीचा नसतो: न मोजलेली एक फॅट आणि न मोजलेली दुसरी फॅट सारख्या आहेत का, याला प्रामाणिक उत्तर ‘माहीत नाही’ हेच. सरासरी काढताना एसक्यूएल नल बाजूला ठेवतं. म्हणजे आमच्या फॅटच्या रकान्यात नल तसाच जाऊ दिला असता, तर पगाराची सरासरी काही न करता ६.९ आली असती. पण कॉड यांचं एवढ्यावर समाधान नव्हतं. नंतरच्या लिखाणात त्यांनी दोन वेगळ्या खुणा मागितल्या: एक, लागू आहे पण आत्ता ठाऊक नाही; दुसरी, इथे लागूच नाही. एसक्यूएलने ते घेतलं नाही. लोकांना ते किचकट वाटलं, आणि वापरायला किचकट होतंही. मला मात्र ते वाचताना मामाच्या गावचे सेक्रेटरी आठवले. रेघ आणि कोरी ओळ.

आपल्याकडच्या सरकारी नोंदींतही ही जाण दिसते. बाळाचा जन्म नोंदवताना नाव ठरलेलं नसतं, बारसं व्हायचं असतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात याची सोय आहे: नावाशिवाय नोंद होते आणि नाव नंतर भरता येतं. तो रकाना रिकामा आहे म्हणून कुणी तिथे ‘बेबी’ हे कायमचं नाव समजत नाही. अशा नोंदी दुसऱ्या प्रणालीत उचलताना मात्र तसलं ‘बेबी ऑफ’ अमुक हेच नाव होऊन बसल्याचे किस्से रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या मैत्रिणीकडून ऐकलेत, आणि ती शाळाप्रवेशापर्यंत पोहोचतात म्हणे. कायद्याने ‘अजून नाही’ असं म्हटलेलं, प्रोग्रॅमने ‘हेच’ असं करून टाकलं.

मावशींच्या पावतीनंतर आम्ही तो भाग पुन्हा लिहिला. आधी मी डेअरीच्या सेक्रेटरींना फोन करून विचारलं, फॅट नसते म्हणजे कधी कधी नसते? ते बोलत गेले आणि मी लिहून घेत गेले. यंत्र बंद. नमुना खराब, म्हणजे दूध फाटलेलं, घेतलंच नाही. नमुना घेतलाय पण मोठ्या डेअरीच्या लॅबला पाठवलाय, उत्तर उद्या. आणि मोजलेली तर असतेच. मग फॅटचा तो डेसिमल आम्ही काढून टाकला आणि त्या जागी ‘चाचणी’ नावाचा एक मूळ क्लास केला. त्याचे चार उपक्लास: मोजलेली, यंत्र बंद, नमुना नाकारला, लॅबकडे बाकी. प्रत्येकाला दोन गोष्टी सांगता यायलाच हव्यात: पावतीवर काय छापायचं, आणि पगारात काय धरायचं. मूळ क्लासमध्ये त्या मेथड्स ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे उपक्लासने उत्तर दिलं नाही तर प्रोग्रॅम बनतच नाही. इथे वॉर्निंगचा प्रश्न उरत नाही, सरळ एरर येते. पाचवा प्रकार उद्या निघाला तर तो लिहिणाऱ्याला ही दोन उत्तरं दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणून जे कॉलेजात प्राणी आणि वाहनांची उदाहरणं देऊन शिकवतात, ते मला इथे पहिल्यांदा पूर्ण पटलं.

टीममध्ये यावर बराच वाद झाला, आणि तो व्हायला हवा होता. एका आकड्यासाठी पाच क्लास? आमच्यातल्या एकाने नल ऑब्जेक्टची आठवण काढली. बॉबी वूल्फ यांनी नव्वदच्या दशकात मांडलेली ती कल्पना, नलच्या जागी काहीही न करणारी एक सभ्य वस्तू ठेवायची म्हणजे कुणाला तपासावं लागत नाही. मला तिची भीती वाटते ती एवढ्यासाठी की काहीही न करणारी वस्तू आणि शून्य यांच्यात फार अंतर नाही. जिथे गप्प राहणं हेच योग्य वागणं असेल, उदाहरणार्थ लॉग लिहायचा नसेल तेव्हा, तिथे ती उत्तम. पैशाच्या हिशोबात नको. पण क्लास वाढवत न्यायचे नाहीत हे मलाही मान्य आहे. उत्पादकाचा फोन नंबर नसेल तर तो का नाही याने काही फरक पडत नाही. तिथे स्ट्रिंगपुढे प्रश्नचिन्ह पुरे. कुठल्या रिकाम्या जागेला किती नावं द्यायची हे त्या जागेवर कुणाचं काय अवलंबून आहे त्यावरून ठरवायचं, एवढ्यावर आमचं जुळलं.

एक गोष्ट मुलांना समजावताना मला नेहमी जास्त वेळ लागतो. स्ट्रिंगसारख्या संदर्भांच्या टाइपपुढचं हे प्रश्नचिन्ह मुख्यतः कंपायलरसाठी असतं. स्ट्रिंग आणि प्रश्नचिन्हवाली स्ट्रिंग, प्रोग्रॅम चालू झाल्यावर दोन्ही एकच. यंत्राच्या पोर्टवरून, मोबाइल ॲपच्या जेसनमधून (माहिती पाठवायच्या मजकुराचा एक साचा), जुन्या डेटाबेसमधून जे आत येतं त्याने आपली टाइप घोषणा वाचलेली नसते. ‘नल नसणारी’ म्हणून जाहीर केलेल्या प्रॉपर्टीत जेसनमधून खुशाल नल येऊन बसतो. ते नाकारायची सोय डॉटनेटच्या, म्हणजे सी शार्प ज्यावर चालते त्या व्यवस्थेच्या, स्वतःच्या जेसन लायब्ररीत २०२४ च्या नवव्या आवृत्तीपासून आहे, तीही आपण चालू केली तर. म्हणून तपासणी सगळीकडे विखरायची नाही. जिथून माल आत येतो त्या दारावर एकदाच नीट तपासायचं, तिथेच ‘मोजलेली’ की ‘यंत्र बंद’ ते ठरवायचं, आणि आतल्या कोडने निर्धास्त असावं. आतल्या प्रत्येक मेथडमध्ये ‘नल आहे का’ असं विचारत बसलेला कोड मी वाचते तेव्हा मला त्या लिहिणाऱ्याची काळजी वाटते. त्याला दारावर कोण उभं आहे याचा भरवसा नव्हता.

नवीन पावती गावाला गेली. फॅटच्या जागी आता ‘यंत्र बंद’ असं छापून येतं, रकमेच्या जागी ‘सरासरीने पगारात’. सेक्रेटरी म्हणाले, पहिल्या दिवशी लोकांनी काही विचारलंच नाही. मावशींची मागची नोंद दुरुस्त करून घेतली आणि यादीतून नाव काढायला लावलं. ते काम मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही.

एक रेघ मात्र अजून आहे. यंत्र बंद असेल तर त्याच उत्पादकाच्या आधीच्या वेळांची सरासरी, हा नियम लिहिताना कंपायलरने पुन्हा अडवलं. रिकाम्या यादीची सरासरी काय? सी शार्पमध्ये साध्या डेसिमलांच्या रिकाम्या यादीची सरासरी मागितली तर एक्सेप्शन येतं. नल असू शकणाऱ्या डेसिमलांची मागितली तर नल येतो. आमची यादी दुसऱ्या प्रकारची, त्यामुळे वॉर्निंग. म्हणजे कुणी आजच पहिल्यांदा दूध घालायला आलं, आणि नेमकं आजच यंत्र बंद असेल तर? सेक्रेटरींना फोन केला. ते जरा थांबले. म्हणाले, “असं झालं असंल, पण तेव्हा आम्ही बघून घेतो. नवीन माणूस कोण, जनावर कुठलं, माहिती असतंच.” मी म्हटलं, ते तुम्हाला माहीत असतं दादा, प्रोग्रॅमला लिहून द्यावं लागतं. केंद्राची आदल्या दिवसाची सरासरी लावायची, किमान सहा धरायची, की पैसे थांबवून ठेवायचे? यावर त्यांच्यातही एकमत नाही. सरासरी लावली तर पातळ दूध घेऊन मुद्दाम त्याच दिवशी कुणी यायचं, असं एका संचालकांचं म्हणणं. विषय मंडळाच्या बैठकीत ठेवलाय, बैठक महिनाअखेरीला. तोपर्यंत अशी वेळ आली तर पावतीवर ‘चाचणी बाकी’ छापायचं, लिटर नोंदवायचे आणि रक्कम थांबवून ठेवायची, असं आम्ही ठरवलंय. सेक्रेटरींना ते पटलं. मला अर्धंच पटलंय, कारण नव्या माणसाचे पहिलेच पैसे अडकतात.